तेल घालू नका

दुपारी सगळे झोपलेले असताना आपण दार जपून, चोरासारखं हळूहळू उघडतो आणि तिथेच फसतो. झटक्यात उघडलेलं दार गप्प बसतं. हळू उघडलं की घरभर कण्हतं. काल मी अर्धवट उघड्या दारात तसाच थबकलो, कारण बिजागरीतून चक्क व्हायोलिनसारखा सूर आला. क्षणभरच. मग पुन्हा रडगाणं.

व्हायोलिन आत्याचं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. तिच्या गजाच्या, म्हणजे व्हायोलिन वाजवायच्या काठीच्या, केसांवर कायम पांढरी भुकटी, मला ती धूळ वाटायची. एकदा ती बाहेर गेलेली बघून मी साबणाच्या फडक्यानं गज लख्ख पुसला आणि शाबासकीची वाट बघत बसलो. तिनं आल्यावर व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, गज ओढला, आणि काही नाही. शेवाळावरून पाय जावा तसा गज तारेवरून सटकला.

"राळ पुसलीस होय रे?" आत्या रागावली नाही. डबीतून मधाच्या रंगाचा खडा काढून तिनं माझ्या हातात ठेवला. "केस वाळले की घास आता बसून."

हात भरून येईपर्यंत घासली.

राळेमुळे केस तारेला धरतात, आपल्याबरोबर ओढत नेतात. मग तार निसटते, मागे पळते, पुन्हा पकडली जाते. ‘ए’ सुराच्या मोकळ्या, बोट न दाबलेल्या तारेवर हे सेकंदाला ४४० वेळा चालतं आणि आपण म्हणतो, काय सलग सूर आहे! हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञानं तारेवर स्टार्चचा कण चिकटवून ही धावपळ सूक्ष्मदर्शकातून पाहिली. नुसत्या डोळ्यांना तार फुगल्यासारखी दिसते; खरं तर तिला एक कोपरा पडलेला असतो आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत असतो. घोडीकडे, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीकडे, जाताना गजाखालून गेला की तार सुटते, घोडीवर आपटून परतला की पुन्हा धरली जाते. रामन म्हटलं की आपल्याला प्रकाश आठवतो, पण १९१८ साली त्यांनी गजानं वाजणाऱ्या तारांवर अख्खा प्रबंध लिहिला होता.

दारही तसंच धरतं नि सोडतं. पण कधी सोडायचं हे वेळेवर येऊन सांगणारा कोपरा बिचाऱ्याला नाही. म्हणून जरा वेग बदलला की सूर ढळतो. गज फार दाबला की व्हायोलिनचंही दारच होतं. माझं तर बहुतेक वेळा व्हायचं.

"त्या दाराला तेल घाल रे कुणीतरी!" आतून आवाज आला.

तेलाची बाटली सापडली. म्हटलं, त्याआधी एकदा अगदी सावकाश उघडून बघू, तो सूर पुन्हा लागतो का.

नाही लागला. बाटली परत ठेवून दिली.