लसणाच्या बेण्याला धुरी : अपडेट ३

लावणीसाठी राखलेला लसूण टिकावा म्हणून त्याला धूर देऊन बघतोय. त्यातला पहिला लॉट का वाया गेला ते आता कळलं. मी डब्यातच गोवऱ्या पेटवल्या आणि वर जाळीवर गड्डे ठेवले, म्हणजे ती धुरी नव्हतीच, भट्टी होती. गड्डा वरून एकदम टकाटक, पण कुडी सोलली तर पिवळसर, काचेसारखी आरपार दिसणारी आणि बोटाला चिकट. लसणाला गरमी जास्त लागली की असंच होतं, उन्हात पडून राहिलेल्याचंही. असली कुडी उगवत नाही.

आज्जीच्या माळवदाच्या घरात लसणाच्या जुड्या चुलीपासून चांगल्या सात-आठ फूट वर आढ्याला असायच्या, तिथवर जाईपर्यंत धूर गार व्हायचा. एवढी साधी गोष्ट कळायला माझा १ किलो भीमा पर्पल जातीचा लसूण गेला!

मग चूल बाहेर ठेवली, ५ फूट जुना पत्र्याचा पाईप जोडला, पुढं तेलाचा रिकामा डबा, झाकणाला भोकं. गोवरीच्या तुकड्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला. ओला टाकू नका, नुसती वाफ होते अन गड्डे घामेजतात. डब्यात ३५ डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही म्हणून सगळं सकाळी ६ लाच, एप्रिलात आमच्या लातूरला दहानंतर सावलीतच तेवढं असतं. ४० मिनिटं, आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे.

१५ गड्डे धुरीचे, १५ बिनधुरीचे, एकाच खोलीत जाळीच्या पिशव्यांत टांगले. पावसाळ्यात बिनधुरीच्या ४ गड्ड्यांना सालीखाली काळी भुकटी, धुरीच्या एकालाच. ही भुकटी म्हणजे बुरशी, आणि धुरातली फिनॉल नावाची रसायनं बुरशीला मानवत नाहीत, त्याचाच परिणाम असावा. वजन मात्र दोन्हीकडं सारखंच उतरलं, सुकणं काही धुरानं थांबत नाही.

मला धास्ती होती कोंबांची. इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर नार्सिसस या कंदाच्या फुलझाडाच्या शेतात मुद्दाम धूर करतात, त्यातल्या इथिलीन वायूनं फुलं लवकर येतात, म्हटलं आपला लसूणही अवेळी जागा व्हायचा, पण तसं काही झालं नाही. धुरातलं दुसरं रसायन, २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडलेलं कॅरिकिन, ते बी उगवण्यासाठी, आपण तर कुड्या लावतो, त्यामुळं त्याच्या नादी लागलो नाही.

दिवाळीनंतर २०-२० कुड्या लावल्या. आज नववा दिवस, बिनधुरीच्या १३ वर आल्यात, धुरीच्या ११. अजून धुरीच्या १० लावणार होतो, पण उरलेले गड्डे आईनं न विचारता शेंगदाण्याच्या चटणीत कुटले. चटणी भारी झाली म्हणे.