एक गल्ली, तीन वह्या

समाजशास्त्र घेऊ, मानवशास्त्र घेऊ की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू, असं विचारणाऱ्याला व्याख्या सांगून काही उमगत नाही. त्यापेक्षा सोलापूरच्या पूर्व भागातली, विड्या वळणाऱ्या बायकांची एखादी गल्ली डोळ्यांसमोर आणावी. तिथून परतताना वहीत काय उतरलं, यावरून विषय कळतो.

समाजशास्त्राच्या वहीत आधी घरांची यादी येते. 'घर' म्हणजे दार नव्हे, चूल. एका दारामागे तीन चुली असतील तर ती तीन कुटुंबं धरायची. समजा २४० कुटुंबं झाली आणि ४० निवडायची आहेत, तर अंतर ६ येतं. १ ते ६ पैकी एक आकडा चिठ्ठी टाकून काढायचा आणि तिथून दर सहावं कुटुंब घ्यायचं. पण चाळीच्या एका ओळीत सहाच खोल्या असतील तर दर वेळी तीच खोली वाट्याला येते, समजा नळाजवळची. मग पाण्याबद्दलची सगळी उत्तरं चुकतात आणि चूक कुठे झाली ते कळतही नाही. म्हणून यादी झाली की आधी ओळीतल्या खोल्या मोजाव्यात. अंतर आणि खोल्या जुळत असतील तर सगळे क्रमांक चिठ्ठ्यांनी काढावेत.

दुसरी चूक वेळेची. सकाळी बायका वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करायला गेलेल्या असतात आणि मागावर रात्रपाळी केलेला माणूस झोपलेला असतो. दार बंद दिसलं की विद्यार्थी शेजारच्या घरी फॉर्म भरतो. अशाने नमुन्यात विड्या न वळणाऱ्यांचीच संख्या वाढते. बंद घरी वेगवेगळ्या वेळी तीनदा जावं. तरीही भेट झाली नाही तर 'भेट नाही' अशी नोंद करावी, बदली घर घेऊ नये.

'महिन्याचं उत्पन्न किती?' हा प्रश्न तर फॉर्ममधून काढूनच टाकावा. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे बाई महिन्याचा आकडा अंदाजाने सांगते. त्याऐवजी काल किती वळल्या, गेल्या आठवड्यात कारखान्यातून तेंदूचं पान किती दिवस मिळालं, छाट (नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या) किती निघाली, पान खराब लागलं म्हणून बाहेरून विकत घ्यावं लागलं का, असं विचारावं. आणि पान कोणी कापलं, विडीची तोंडं कोणी दुमडली, हेही विचारावं. विडी कामगाराचं कार्ड एकाच बाईच्या नावावर असतं, पण तिच्या हजारात शाळकरी मुलीची संध्याकाळ आणि सासूची दुपारही असते. 'कमावत्या व्यक्ती : १' असं लिहिलं की हे सगळं पुसलं जातं. (आणि तोंडी परीक्षेसाठी एवढं पक्कं असू द्या : लोकांनी स्वतः भरायची ती प्रश्नावली, आपण विचारून भरायची ती अनुसूची.)

मानवशास्त्राची वही वेगळी. तिथे ४० घरं नसतात. तीन-चार घरं असतात, पण पुन्हा पुन्हा जायचं असतं. पहिलं काम वंशावळीचं : पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा. पुण्याच्या माणसाला सोपं वाटणारं हे काम सोलापुरात अवघड होतं. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेचे जे विभाग पाडले त्यांत महाराष्ट्र मध्य विभागात येतो, पण सोलापुरातल्या तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या घरांत जवळच्या नात्यात लग्न करण्याची दक्षिणेची रीत भेटते. मामाशी लग्न झालेलं असेल तर एकच त्रिकोण आईचा भाऊही असतो आणि नवराही, आणि रेघ दोन पिढ्यांना छेदून जाते. विद्यार्थ्याला वाटतं आपण चुकलो, मग तो 'दुरुस्ती' करतो. ती करू नये. नात्याचा शब्दही ऐकला तसाच लिहावा. तेलुगूत 'अत्ता' म्हणजे आत्या, मामी आणि सासूसुद्धा. वहीत 'आत्या' असं मराठी करून टाकलं की जे शोधायला गेलो तेच हरवलं. दुभाष्या म्हणून शेजारणीला बसवू नये. तिच्यासमोर बाई सासरचं बोलणार नाही.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सोलापूरच्या सेटलमेंट भागात गेलात तर पहिल्या भेटीत 'पूर्वीचा पारंपरिक व्यवसाय' हा रकाना उघडू नका. १८७१ साली आलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इथे तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. कायदा १९५२ साली गेला, पण त्या रकान्याचा अर्थ तिथल्या लोकांना अजून नेमका कळतो.

समाजकार्याच्या वहीत माहितीइतकीच कामाची नोंद असते. आठवड्यातून साधारण दोन दिवस फिल्डवर्क, त्याचं रेकॉर्डिंग, म्हणजे लेखी नोंद, त्याच रात्री, मग सुपरवायझरबरोबर आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणजे दोघांतच होणारी चर्चा). तारीख, वेळ, कोण भेटलं, कशासाठी गेलो, काय घडलं, मला काय वाटलं, पुढे काय करणार, या क्रमाने लिहावं. 'काय घडलं' आणि 'मला काय वाटलं' यांची सरमिसळ झाली की रेकॉर्डिंग परत येतं, आणि ते योग्यच आहे. 'बाई निराश होती' हे तुमचं मत. 'बाईने तीनदा दाराकडे पाहिलं आणि उत्तर दिलं नाही' ही नोंद.

कुंभारीला विडी कामगारांची १० हजार घरांची वसाहत झाली, असंघटित कामगारांच्या घरांचं रे नगरही उभं राहिलं. अशा शहरात कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे योजनावाला, असा समज होणारच. 'मी विद्यार्थी आहे, मंजुरी माझ्या हातात नाही, कागद लावायला मदत करीन,' हे पहिल्याच भेटीत सांगावं. समजा विधवा बाईचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आहे. ६५ च्या पुढचं वय असेल तर श्रावणबाळ योजना बघावी, म्हणून आधी वयाचा पुरावा पाहावा. मग नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्न दाखला, बँक पासबुक. सगळे कागद एका ओळीत मांडून त्यांवरची नावं अक्षरन् अक्षर ताडून बघावीत. तेलुगू नावं इंग्रजीतून मराठीत येताना प्रत्येक कागदावर वेगळी झालेली असतात आणि अर्ज तिथेच अडतो. आधी नाव दुरुस्त करून घ्यावं, मगच अर्ज द्यावा आणि पोच मागून घ्यावी.

फिल्डवर्क संपण्याच्या तीन आठवडे आधीपासून बाईला शेवटच्या भेटीचा दिवस सांगत राहावं. त्या दिवशी मूळ कागद आणि पोच तिच्या हातात द्यावेत. कोणत्या टेबलावर, काय विचारायला आणि कधी जायचं, ते तिला वाचता येईल त्या लिपीत लिहून द्यावं.