नाक लांब, आवाज कमी

आज दुपारभर नासाच्या एक्स-५९ या ध्वनीपेक्षा वेगाने उडण्यासाठी बनवलेल्या प्रायोगिक विमानाचे व्हिडिओ बघत बसलो. कामं राहिली ती राहिलीच. लांबी साधारण ३० मीटर, त्यातलं एक तृतीयांश नुसतं नाक! गंमत त्या नाकातच आहे. ध्वनीच्या वेगापुढे जाताना आघातलहरी (हवेच्या दाबाच्या जोरदार लाटा) एकत्र येऊन जो धडाका होतो, तो या लांबुळक्या आकाराने विखुरला जावा आणि खाली गाडीचं दार लावल्यासारखी फक्त ‘धप्प’ ऐकू यावी, असा हिशेब. पण मग वैमानिकाला समोर काचच नाही, कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून उडवायचं. (मला गाडी मागे घेतानाही कॅमेऱ्याचा भरवसा वाटत नाही.)

अमेरिकेने १९७३ मध्ये जमिनीवरून अशा ध्वनीहून वेगवान नागरी उड्डाणांवर बंदी घातली, ती या धडाक्यापायीच. एक्स-५९ चं २८ ऑक्टोबर २०२५ चं पहिलं उड्डाण मात्र ध्वनीच्या वेगाच्या बरंच खाली, अगदी सावकाश.