फोटो काळा-पांढरा, मग रंग कुठून कळला?

रत्नागिरीत आमच्याकडे कुणी आलं, की मी जोडून-रंगवून कपाटात ठेवलेल्या छोट्या मॉडेल विमानांकडे बोट जातं आणि हा प्रश्न येतोच. महायुद्धातले फोटो बिनरंगी, मग हे हरिकेन, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमान, हिरवं-मातकट कशावरून? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगतो.

आधी जे रंग पक्के ठाऊक आहेत, ते फोटोत शोधायचे. ब्रिटिश लढाऊ विमानाच्या अंगावर गोल चिन्ह असतं, राउंडेल. युरोपातल्या विमानांवर ते मधे लाल, मग पांढरं, निळं आणि बाहेरून पिवळं कडं. शेपटीवरच्या पट्ट्यांत लाल पुढच्या अंगाला. आता फोटोतलं ते पिवळं कडं बघा. फिकट दिसलं तर ठीक. काळपट दिसलं तर फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक. तिला लाल जवळजवळ दिसतच नाही, म्हणून लाल-पिवळं काळवंडतं आणि निळं उजळतं. असल्या फोटोत प्रॉपेलरची टोपी काळी दिसली, म्हणून लगेच काळ्या रंगाचा डबा उघडायचा नाही. ती लालही असू शकते. एवढं बघितलं, की निम्मे वाद मिटतात.

उरलेले निम्मे तारखेवर मिटतात. लोक विचारतात, स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा रंग कोणता? मी विचारतो, कधीचा आणि कुठला? ऑगस्ट 1941 मध्ये ब्रिटनमधल्या लढाऊ विमानांच्या वरच्या अंगाचा डार्क अर्थ, म्हणजे मातकट रंग जाऊन त्या जागी ओशन ग्रे आला. हिरवा तसाच राहिला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मात्र मातकट-हिरवं चालूच होतं. तिथे भानगड लाल रंगाची. जपानी विमानांवर लाल गोळा, तेव्हा आपल्याच माणसांनी आपलंच विमान पाडू नये म्हणून राउंडेलमधलं लाल काढून टाकलं आणि गडद-फिकट निळ्या रंगांची चिन्हं आली. 1944 ला इंफाळमध्ये भारतीय हवाई दलातल्या अर्जन सिंग यांच्या एक नंबर स्क्वाड्रनची हरिकेन लढत होती. तेव्हा त्या हरिकेनवर लाल ठिपका दिला, की ती चुकलीच.

आणि रंगाच्या डब्यावरचं नाव बरोबर असलं तरी रंग बरोबर असेलच असं नाही. मिरकरवाड्याला नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडीचा निळा बघा आणि तोच एप्रिलमध्ये बघा. उन्हात उघड्यावर उभ्या विमानाचं तसंच. म्हणून मी मूळ छटेत थोडा पांढरा-करडा मिसळतो. कितपत, याला कागदोपत्री पुरावा मिळत नाही. तिथे आपली नजर. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

पावसाळ्यात आमच्याकडे रंगकाम बंद. दमट हवेत लॅकर फवारलं, की गडद हिरव्यावर पांढुरकी साय धरते. ते महिने फोटो बघण्यात आणि विमानं रंगवण्याचे जुने आदेश वाचण्यात जातात, ब्रश दिवाळीनंतर.

सध्या टेबलावर इंफाळचंच हरिकेन आहे. डेकलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांच्या कागदावर पंख-शेपटीचे पांढरे ओळखपट्टेही आलेत. ते पट्टे 1945 च्या सुरुवातीचे, त्यामुळे या विमानाला लावणार नाही. कापून डबीत ठेवलेत, पुढच्या एखाद्या विमानाला लागतील.