बर्फ, पाणी आणि मीठ : उदासीन समतोलाच्या प्रयोगाची नोंद

तापमान आणि दाब दोन्ही माहीत असूनही भांड्यात किती बर्फ आहे हे सांगता येत नाही, ही गोष्ट स्वतःच्या मोजमापातून पाहावी, हा या प्रयोगमालिकेचा हेतू आहे. बंद प्रणालीतील घटकांची सुरुवातीची वस्तुमाने ठाऊक असतील, तर दोन चलराशी निश्चित केल्या की समतोल अवस्था ठरते, असे फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर द्युएम (1861–1916) यांचे प्रमेय सांगते. मात्र उदासीन अवस्थेत, म्हणजे बर्फ आणि पाण्याचे प्रमाण बदलले तरी तापमान आणि दाब तेच राहतात अशा समतोलात, ही जोडी त्यासाठी पुरत नाही, आणि घनफळासारखी वेगळी राशी मोजावी लागते.

पहिल्या फेरीत थर्मासमध्ये 300 ग्रॅम पाणी आणि तेवढाच चुरलेला बर्फ घेतला होता. ढवळण्यात खंड पडल्यामुळे बुडाशी ठेवलेला तापमान मोजणारा डीएस18बी20 सेन्सर साडेतीन अंशांपर्यंत चढला. पाण्याची घनता 4 अंशांजवळ सर्वाधिक असते, म्हणून तेवढे कोमट झालेले पाणी तळाशी साचते. ती समतोल अवस्था नव्हेच, आणि त्या नोंदी मी बाद केल्या. या वेळी सतत ढवळत राहून, परीक्षानळीत बसवलेल्या 20 वॅटच्या रेझिस्टरने 40 मिनिटे उष्णता दिली. सेन्सर पूर्ण वेळ 0.125 आणि 0.1875 या दोन शेजारच्या पायऱ्यांवरच राहिला, आणि शून्यापासूनचा हा फरक मी त्याची कायमची त्रुटी धरतो. नंतर गाळणीतून निथळून बर्फ तोलला, तेव्हा तो 153 ग्रॅम भरला. ग्रॅममागे 334 जूल अप्रकट उष्मा (तापमान न बदलता वितळण्यासाठी लागणारी उष्णता) धरल्यास 144 ग्रॅम वितळायला हवा होता, 147 वितळला. जास्तीचे तीन ग्रॅम बाहेरून झिरपलेल्या उष्णतेचे असावेत. अर्धा बर्फ गेला तरी तापमानाला त्याचा पत्ता नव्हता.

पुण्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर, पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते; बर्फाचा द्रवणांक मात्र एक वातावरण दाबाच्या फरकानेही अंशाच्या शंभराव्या भागाहून कमीच सरकतो, त्यामुळे कोणत्याही गावातल्या नोंदींशी या नोंदी ताडून पाहता येतील.

खरी मौज मिठाच्या मिश्रणात आली. पॉटमध्ये आईस्क्रीम करताना बर्फात खडे मीठ घालतात, तेच मिश्रण. फक्त येथे वजन काटेकोर पाहिजे. युटेक्टिक मिश्रणात, म्हणजे सर्वच्या सर्व एकाच तापमानाला वितळणाऱ्या मिश्रणात, मीठ 23.3 टक्के असते, म्हणून फ्रीझरमध्ये गार केलेल्या 330 ग्रॅम बर्फात 100 ग्रॅम बारीक मीठ मिसळले. मिश्रण ओल्या रव्यासारखे दिसू लागले, चमच्याच्या दांड्यावर पांढरे दव गोठले, आणि सेन्सर उणे 20.9 अंशांवर स्थिरावला. ग्रंथांतील आकडा उणे 21.1 आहे. तोच 20 वॅटचा रेझिस्टर चालू ठेवून सव्वा तास तापमान जवळजवळ तसेच राहिले. तेवढ्याच नव्या बर्फात 50 ग्रॅमच मीठ घातले, तेव्हा सुरुवात तशीच झाली, पण घन मीठ संपताच तापमान चढू लागले आणि उणे 9 अंशांच्या आसपास बर्फाचा शेवटचा कण विरला. उरलेला द्रव सतत सौम्य होत गेल्यामुळे प्रत्येक क्षणाचा समतोल वेगळ्या तापमानाला होता. सर्व मिश्रण एकाच तापमानाला वितळणे हे फक्त त्या एका प्रमाणाचे वैशिष्ट्य आहे, आणि दोन आलेख शेजारी ठेवले की ते डोळ्यांना लगेच दिसते.

पुढच्या फेरीत वजनाऐवजी घनफळ मोजणार आहे. एक ग्रॅम बर्फ वितळला की घनफळ सुमारे 0.09 मिलिलिटरने घटते. रॉबर्ट बुन्सेन यांनी 1870 मध्ये याच घटीवरून उष्णता मोजणारे उपकरण रचले होते. बंद बाटलीच्या बुचातून 1 मिलिलिटरची अंशांकित नळी बसवली, तर 20 वॅटला मिनिटाला सुमारे 0.33 मिलिलिटर उतार दिसायला हवा. बुचाखाली हवेचा बुडबुडा अडकू न देणे ही अडचण अद्याप सुटलेली नाही.