टाइल घातली आणि टर्मिनल गायब

गेल्या आठवड्यात नव्या एसएसडीवर एक्स-प्लेन १२ हा विमान उडवायचा सिम्युलेटर, म्हणजे सिम, इन्स्टॉल केला आणि सगळे ॲड-ऑन (वरून घालायची विमानं, प्लगइन, सीनरी) परत घालायला बसलो. या वेळी एकेक करत गेलो. एक ॲड-ऑन घालायचा, एक छोटं उड्डाण करायचं, मगच पुढचा. वेळ लागतो खरा. पण दहा प्लगइन, म्हणजे सिमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, एकदम टाकले आणि सिम उघडतानाच बंद पडलं, तर दहांतला नेमका कोणता हे शोधण्यात रात्र जाते. अशी एक रात्र मी पूर्वी घालवली आहे.

विमानं आणि प्लगइन यांचं फार काही नाही. विमान ‘एअरक्राफ्ट’ फोल्डरात, प्लगइन ‘रिसोर्सेस’मधल्या ‘प्लगइन्स’मध्ये. झिबो या टोपणनावाच्या डेव्हलपरचं बोइंग ७३७ पहिल्या झटक्यात सुरू झालं. वेळ खाल्ला तो सीनरीने, म्हणजे जमीन, इमारती, झाडं या बाहेरच्या दृश्याने.

आधी एका विमानतळाची सीनरी ‘कस्टम सीनरी’ फोल्डरात टाकली. टर्मिनल, जेटवे, दिवे, सगळं जागच्या जागी. मग ऑर्थो४एक्सपी या प्रोग्रॅमने हवाई फोटोंतून बनवलेली त्याच भागाची टाइल, म्हणजे जमिनीचा एक चौकोन, घातली आणि सिम पुन्हा उघडलं. खाली जमीन सुरेख दिसत होती, शेतांचे बांधसुद्धा ओळखू येत होते. पण टर्मिनल नाही, झाड नाही, रस्ता नाही. नुसता सपाट फोटो.

‘कस्टम सीनरी’त सीनरी पॅक्स नावाची एक आयएनआय फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडणारी साधी यादी. सिम ती वरून खाली वाचतं. ऑर्थोच्या टाइलमध्ये फोटोबरोबर जमिनीचा सगळा मेश, म्हणजे उंचसखल आकाराचा सांगाडा, असतो, डोंगरदऱ्यांसकट. एक अंश बाय एक अंशाच्या चौकोनासाठी पहिला मेश सापडला की सिम तिथेच थांबतं, आणि त्या चौकोनाचं खालच्या ओळींत जे काही असेल ते दिसतच नाही. त्यात नवीन घातलेलं पॅकेज यादीत सगळ्यात वर नोंदलं जातं. माझी टाइल विमानतळाच्या वर जाऊन बसली होती, एवढंच झालं होतं.

क्रम असा लावायचा: विमानतळ वर, त्याखाली ग्लोबल एअरपोर्ट्स (सिमबरोबर येणारे विमानतळ), मग ओव्हरले (जमिनीवर बसणारे रस्ते, झाडं यांचा थर), आणि मेश अगदी तळाशी. लायब्ररी, म्हणजे अनेक सीनरी वापरतात ते तयार वस्तूंचे संच, कुठेही चालतात. ऑर्थो४एक्सपी ओव्हरलेच्या नावाआधी वाय आणि टाइलच्या नावाआधी झेड लावतं ते याचसाठी. फाइल खोडली की सिम नवी यादी वर्णक्रमाने बनवतं आणि मग ही दोन्ही आपोआप खाली जातात. मी मात्र फाइल कधी खोडत नाही. आधी तिची प्रत काढून ठेवतो, मग ओळी हाताने हलवतो. बरीच वर्षं बसवलेला क्रम असा एका क्लिकने घालवणं मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी एका छोट्या धावपट्टीची सीनरी उघडेचना. मुख्य फोल्डरातली ‘लॉग’ नावाची टेक्स्ट फाइल पाहिली. ही दर वेळी सिम सुरू होताना नव्याने लिहिली जाते, म्हणून बिघाड झाला की पुन्हा सुरू करण्याआधी तिची प्रत घ्यावी. न सापडलेल्या वस्तूचा पत्ता तिच्यात होता आणि पत्त्याचा पहिला शब्द ‘ओपनसीनरीएक्स’. म्हणजे ती लायब्ररी घालायची राहिली होती. घातली, तरी तेच. मग पाहिलं तर अनझिप करताना फोल्डरात फोल्डर झाला होता. आतला एक पातळी वर आणला आणि हँगर दिसले.

शेवटी लिटल नॅव्हमॅप, म्हणजे सिममधलं विमान नकाशावर दाखवणारा प्रोग्रॅम. त्याला सिमशी जोडणारं एक्सपीकनेक्ट प्लगइन टाकलं, त्यातली सीनरी लायब्ररी पुन्हा लोड केली, कारण नवा विमानतळ घातला की नकाशालाही तो सांगावा लागतो. काल रात्री ७३७ घेऊन निघालो. नकाशावरचं पिवळं विमान टॅक्सीवेच्या रेषेवरून अचूक सरकत होतं, खिडकीबाहेर टर्मिनल होतं, त्यापलीकडे झाडं. आता एफएमसीसाठी (विमानातला मार्ग आखणारा संगणक) एआयआरएसी, म्हणजे हवाई मार्गांच्या माहितीचा संच, तेवढा राहिला. तो दर २८ दिवसांनी बदलतो, म्हणून ताजाच घालेन.