मधल्या कन्सोलची अफवा आली की माझं डोकं फिरतं

परत तेच सुरू झालंय, गेम कन्सोलच्या दोन पिढ्यांच्या मधे येणाऱ्या सुधारित मॉडेलची अफवा. कुठंतरी चिपचं नाव लीक होतं आणि लोक लगेच टेराफ्लॉप्स, म्हणजे ग्राफिक्सच्या ताकदीचं माप, मोजायला बसतात. मी पण बसतो, खोटं कशाला बोलू. पण आता एक शिकलोय, आधी सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, बघायचा. सोनीचा पीएस४ प्रो २०१६ मध्ये आला तेव्हा जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, साध्या पीएस४ च्या १.८४ वरून थेट ४.२ टेराफ्लॉप्सवर गेला, सीपीयू मात्र तोच जुना जॅग्वार, फक्त क्लॉक, म्हणजे वेग, १.६ चा २.१ गिगाहर्ट्झ केलेला. म्हणजे चित्र एकदम चकाचक, पण गर्दीच्या सीनमध्ये जिथं सीपीयूचाच दम निघतो तिथं सेकंदाला ३० फ्रेम्सचे (एफपीएस) ६० काही होत नाहीत. २०२४ च्या पीएस५ प्रोचंही तसंच, जीपीयू तगडा, एआय अपस्केलिंग, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयनं मोठं करणं, आलं, सीपीयू मात्र पीएस५ मधलाच झेन २. आणि डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्या म्हणे, हे मला अजून पटलेलं नाही.

सीपीयू तोच ठेवण्याचं कारण सरळ आहे, तोच गेम जुन्या मशीनवर पण चालायला हवा ना, मग डेव्हलपर मोठी उडी मारणार तरी कशी.

सगळ्यात मोठा पोपट निन्टेन्डोच्या स्विच प्रोच्या अफवेच्या वेळी झाला. आम्ही ४के ४के करत बसलो आणि २०२१ मध्ये आलं काय, तर ७ इंची ओएलईडी स्क्रीन, आत चिप तीच! स्क्रीन भारी होती पण, काळा रंग खरंच काळा दिसायचा.